रुसव्याचा रकाना

तिचं खरं नाव कचेरीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांची ते घ्यायची हिंमत नव्हती. समोर सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘वजाबाई’. वजाबाकी करणारी बाई, म्हणून वजाबाई. कुणा विक्रीवाल्याने चहा पिता पिता ते नाव ठेवलं आणि ते तिला असं काही चिकटलं, की एकदा फोन उचलून ती स्वतःच म्हणाली, “हं, वजाबाई बोलतेय. काय कमी करायचंय?” पलीकडच्याने फोनच ठेवून दिला.

काहींना लहानपणापासून चष्मा असतो, तसा हिला राग होता. सकाळी उठल्या उठल्या चढवायचा आणि झोपताना उशाशी काढून ठेवायचा. चुकीचा आकडा देणाऱ्याची तर ती सालटी काढायची. वाहतूक खात्यातल्या एकाने नकाशावर पट्टी ठेवून गावागावांतली अंतरं मोजून दिली, तेव्हा तिने सगळ्यांदेखत विचारलं, “मधे खाडी आहे ती दिसली नाही? ट्रक काय उडी मारून जाणार, की ड्रायव्हरच्या काखेत पूल दिलायत?” तो बिचारा नंतर महिनाभर तिची खोली टाळायला मागच्या जिन्याने जायचा. “बाई, लग्न का नाही केलंत?” असा आगाऊपणा एकाने एकदाच केला. “अटी फार होत्या,” ती म्हणाली, “उत्तरच निघेना. तुझ्या बायकोने एकही अट घातली नव्हती, ते दिसतंच आहे.”

कंपनी बिस्किटांची. कारखाने तीन आणि माल खाणारी गावं शेकड्यांनी. कुठल्या कारखान्यातून कुठल्या गावाला किती खोकी धाडायची, कुठली भट्टी चालू ठेवायची, कुठली गार करायची, म्हणजे सगळं मिळून खर्च कमीत कमी येईल, हे काढायचं काम वजाबाईचं. नवा माणूस आला की ती त्याला समोर बसवून सांगायची, “कारखाना म्हणजे चूल. पेटली तर एक, विझली तर शून्य. अर्धी चूल पेटत नाही. वर भांडं असो नसो, पेटवली की सरपण जळतंच. म्हणून चुली फार नकोत. पण गावात एकच चूल ठेवलीस, तर ताटं घेऊन पळता पळता जेवण गार होणार. चुली वाढवल्या की सरपण वाढतं, कमी केल्या की पळापळ वाढते. या दोन्हींच्या मधे कुठे तरी तुझा-माझा पगार आहे. समजलं? आणि हे लक्षात ठेव, पीठ दाबून भरता येतं, बिस्कीट दाबून बघ. खोक्यात निम्मी हवाच असते. आपण हवा वाहून नेतो. म्हणून चूल खाणाऱ्याच्या जवळ.”

एवढं सगळं डोक्याने काढू म्हटलं तर जन्म पुरणार नाही, म्हणून प्रोग्रॅम होता. शक्यतांचं झाड उभं करायचं, जी फांदी महागात जाणार असं कळलं ती बुंध्यापासून छाटायची, दुसरी धरायची. हे काम तो मुकाट्याने करायचा. प्रोग्रॅम तसा फार आज्ञाधारक. सांगाल त्या अटींत राहून स्वस्तातलं स्वस्त उत्तर आणून देतो. जे सांगितलं नाही त्याची त्याला काडीची फिकीर नाही. म्हणून सगळा खेळ अटींचा.

इतर कंपन्यांत अटींची एकच यादी असते. वजाबाई दोन रकाने आखायची. पहिल्याचं नाव ‘गरज’. दुसऱ्याचं ‘रुसवा’.

भट्टीतून ठरलेल्यापेक्षा जास्त माल निघत नाही, ही गरज. कारखान्याला पाणी लागतं, वीज लागते, ही गरज. विक्रीच्या साहेबांना गोदाम त्यांच्या सासुरवाडीच्या वाटेवरच हवं, हा रुसवा. खरेदीच्या साहेबांना एका साखरवाल्याने कुठल्याशा लग्नात मागच्या रांगेत बसवलं होतं, म्हणून त्याची साखर नको, हा तर सोळा आणे रुसवा.

“गरजेची किंमत काढायची नसते,” ती म्हणायची. “पाणी परवडत नाही म्हणून कुणी पीठ कोरडं भाजतं का? गरज ती गरज. रुसव्याची किंमत मात्र काढायची. आणि ज्याचा रुसवा त्याच्या तोंडावर वाचायची.”

मग ती तेच कोडं दोनदा सोडवायची. एकदा रुसवा पुरवून, एकदा न पुरवता. दोन्हींत जो फरक येईल ती त्या रुसव्याची किंमत. बैठकीत ती उभी राहून, नावानिशी, शाळेत हजेरी घेतात तशा सुरात वाचायची, “खरेदीचा रुसवा. यात दर वर्षाला एक नवा ट्रक आला असता.” खरेदीचे साहेब खाली बघून पेनाचं टोपण चावायचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्या साखरवाल्याची साखर गोड लागायला लागायची. कंपनीचे मालक थोरले साहेब अशा वेळी मिशीत हसायचे. तिला कुणी हात लावू शकत नव्हतं ते त्या हसण्यामुळे.

त्या वर्षी थोरल्या साहेबांनी ठरवलं, की नवा मोठा कारखाना काढायचा आणि तीन जुन्यांपैकी एक बंद करायचा. नव्यासाठी नऊ जागा पाहून ठेवल्या होत्या, त्यांना नावं न देता नंबर दिले होते. “एवढ्या रकमेच्या वर एक दमडी जाणार नाही,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वजाबाईने ती मर्यादा न विचारता गरजेच्या रकान्यात टाकली. मालकाचं वाक्य, ते गरजच.

तीन कारखान्यांपैकी एकाला सगळे ‘मधला’ म्हणायचे, आणि ज्याला नुसतं ‘जुना’ म्हणायचे, तो तिच्या गावातला. ती तिथेच लहानाची मोठी झाली. तिचा दादा तिथे भट्टीवर होता, मिसरूड फुटल्यापासून. त्याच्या अंगाला भाजक्या पिठाचा वास इतका मुरला होता, की वहिनी म्हणायची, “हे घामाने नाही, लोण्याने निथळतात.” ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं.

वजाबाईने सगळे आकडे गोळा केले, भांडून भांडून खरे करून घेतले आणि रुसव्याचा रकाना कोरा ठेवून प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं. नवा कारखाना सात नंबरच्या जागेवर. जुना बंद.

मग तिने सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक सापडेल म्हणून नाही, सापडावी म्हणून. सापडली नाही. आपणच भांडून खरे करून घेतलेले आकडे, त्यांत चूक कुठून असणार? तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि मोडली. मग दुसरी मोडली. शेजारच्या खोलीतला हिशेबनीस डोकावला, तुकडे बघितले आणि दार हळूच लोटून घेतलं.

बातमीला पाय फुटायच्या आत धाकटे साहेब आले. धाकटे साहेब म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव. कपडे इतके कडक इस्त्रीचे, की खुर्चीत बसताना मोडतील की काय अशी भीती वाटावी.

“मॅडम, जरा बोलायचं होतं.”

“बोला. दार उघडंच राहू द्या.”

त्यांनी दार लावलं. “पाच नंबरची जागा चांगली आहे, असं माझं मत आहे.”

“तुमचं आहे की तुमच्या सासऱ्यांचं? जमीन त्यांची आहे ना?”

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला आणि परत चढला. “जमीन कुणाची तरी असतेच. तुम्ही चालवून तर बघा.”

“बघितलंय. पाच नंबर धरला तरी जुना बंदच होतो, वर खर्च वाढतो. किंमत काढून ठेवलीये. बैठकीत वाचते.”

“तेच म्हणतोय.” ते खुर्ची पुढे ओढून बसले. “वाचायची काय गरज आहे? पाच नंबरची अट तुम्ही पहिल्या रकान्यात टाका. पाण्याचं कारण लिहा. बाकीच्या जागांना पाणी कमी आहे, असं. मग ती गरज झाली. गरजेची किंमत तुम्ही काढतच नाही, नाही का?”

वजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराने तिचीच भाषा शिकून घेतली होती. तिचा रकाना, तिचा नियम, आणि त्याला आता त्यातून चोरवाट हवी होती.

“बाकीच्या जागांना पाणी आहे. मी स्वतः नळाखाली हात धरून आलेय.”

“मॅडम, लोकांना काय कळतंय? गणितच तसं सांगतंय म्हटलं की सगळे गप्प बसतात. आपण नाही ठरवलं, गणिताने ठरवलं. कुणाचा कुणावर राग नाही.” मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “तुमचे बंधू जुन्यात आहेत ना? जुना चालू ठेवून मधला बंद करता येतो का, तेही बघू की. एक तुमची ओळ, एक माझी ओळ.”

ती उभी राहिली. पायाने खुर्ची मागे गेली ती भिंतीवर आदळली. “उठा.”

“अहो मॅडम—”

“उठा म्हणते ना! गणित काय तुमच्या घरचं गडी माणूस आहे? तुम्ही खून करायचा आणि त्याने फासावर जायचं? ‘गणित सांगतंय’ म्हणे! गणिताला तोंड नाही म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालाल? चला, बाहेर!”

ती ओरडली ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. धाकटे साहेब बाहेर पडताना हसले, पण इस्त्री मोडलेली होती.

त्या रविवारी ती गावी गेली. दादाचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भट्टीची चिमणी दिसायची. दादा वाटच बघत होता. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“बंद होणार ना?”

“कुणी सांगितलं?”

“सगळं गाव बोलतंय. म्हणतात, तुझ्या बहिणीच्या मशीनने सांगितलं.”

“मशीन नाही ते.”

“जे काय असेल ते. तुझ्या हातात आहे ना? मग एक ओळ लिही. ‘जुना चालू ठेवा.’ झालं. एवढी शिकलीस ती कशाला?”

“ती ओळ लिहिली तर तो माझा रुसवा झाला, दादा. मग मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याचा रुसवा वाचायचा?”

“रुसवा?” दादाने ताटली बाजूला सारली ती खाली पडून गरगर फिरत राहिली. “अगं बये, साडेतीनशे माणसं आहेत तिथे! तो काय मी फुरंगटून बसलोय? जा, तुझे रकाने घेऊन जा. बाबा गेले तेव्हा तुझी फी कुठल्या भट्टीवर भाजून निघाली ते तुझ्या मशीनला विचार.”

“ते काढू नकोस!”

“का? त्याची किंमत निघत नाही का?”

“वन्सं, तुम्ही तरी बसा,” वहिनी म्हणाली. पण ती बसली नाही. आली तशी निघाली. बसस्टॉपपर्यंत ती मोठमोठ्याने पुटपुटत होती आणि समोरून येणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात होती. तिला दादाचा राग आला होता. धाकट्या साहेबांचा आला होता. सगळ्यात जास्त राग याचा, की दोघांनी एकच मागितलं होतं. एक ओळ. इस्त्रीवाल्यानेही आणि लोण्याचा वास येणाऱ्यानेही. आणि तिने दोघांना एकाच तोंडाने हाकललं होतं.

सोमवारी तिने ती ओळ लिहिली. जुना बरोबर एक. म्हणजे चूल पेटलेली. गरजेत नाही, रुसव्यातच. प्रोग्रॅम चालवला आणि किंमत काढली.

बैठकीत लांब टेबलाभोवती सगळे बसले. टोकाला थोरले साहेब, त्यांच्या उजव्या हाताला धाकटे. वजाबाई उभी राहिली.

“रुसव्याशिवायचं उत्तर. नवा सात नंबरला, जुना बंद. आता रुसवे. एक. धाकट्या साहेबांचा. नवा कारखाना पाच नंबरलाच हवा. जमीन त्यांच्या सासऱ्यांची आहे. किंमत कागदावर आहे, मोठी आहे, सावकाश वाचा.”

कुणी तरी खोकलं. थोरले साहेब या वेळी मिशीत हसले नाहीत.

“दोन,” वजाबाई म्हणाली. “माझा रुसवा.”

आता मात्र सगळ्यांनी माना वर केल्या.

“जुना चालू राहावा. तिथे माझा भाऊ भट्टीवर आहे. त्याने मला मोठं केलं. यात कंपनीचा काही फायदा नाही, हा निव्वळ माझा रुसवा आहे. किंमत खाली लिहिलीये. धाकट्या साहेबांच्या रुसव्याच्या निम्म्याहून कमी येते. कुणाचा पुरवायचा ते ठरवा.”

विक्रीच्या साहेबांना हसू फुटलं आणि त्यांनी ते रुमालात घातलं. धाकटे साहेब लालबुंद झाले. “हे काय चाललंय? घरच्या गोष्टी—”

“तुम्ही सासर आणलंत, मी माहेर आणलं,” ती म्हणाली.

थोरल्या साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि तळव्याने सपाट केला. “दोन्ही रुसवे काढा. स्वच्छ उत्तर घ्या. सात नंबर. जुना बंद.” आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “बाई, स्वतःचासुद्धा वाचलात. असं माणूस मिळत नाही.”

आजवर तिचं एकही उत्तर जसंच्या तसं मान्य झालं नव्हतं. कुणी ना कुणी पाचर मारायचंच. आज पहिल्यांदा कुणाचाही रुसवा न पुरवता, आकड्याला आकडा, तिचं गणित पास झालं होतं. लोक माना डोलावत होते. खरेदीचे साहेब तर टाळी वाजवायच्या बेतात होते. आणि तिला असं वाटलं, की टेबल उचलावं आणि खिडकीतून खाली टाकून द्यावं.

“थांबा,” ती म्हणाली.

“आता काय?”

ती आपल्याच कागदाकडे बघत होती. गरजेच्या रकान्याकडे. भट्ट्या, ट्रक, पाणी, वीज, पीठ, साखर, रस्ते, खोकी. खोक्यांच्या पुठ्ठ्याची जाडीसुद्धा होती. इतकी वर्षं तिने हा रकाना भरला होता, दर वेळी इतरांच्या उरावर बसून भरला होता. त्यात माणूस नव्हता. दादा नव्हता. रुसव्याच्या रकान्यात जाऊन तो बसला होता, कारण दुसरीकडे कुठे त्याला जागाच ठेवलेली नव्हती.

“एक गरज राहिलीये,” ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने तो आणखी चढवला. “जुन्यातल्या एकाही माणसाचं काम जाता कामा नये. नव्यात घ्या, नाहीतर तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी घ्या. तसं नसेल तर बिऱ्हाड हलवायचा खर्च कंपनीचा.”

“हा परत तुमचा रुसवाच झाला की,” धाकटे साहेब म्हणाले. त्यांना आता चव आली होती. “किंमत काढा आणि वाचा.”

“काढणार नाही.”

“का?”

“गरजेची किंमत मी काढत नाही. पाण्याची कधी काढली? भट्टी पेटवायला माणूस लागतो की नाही? की पीठ आपलं आपण उडी मारतं आत?”

थोरल्या साहेबांनी हात वर केला. “बरं. घाला पहिल्या रकान्यात. इथेच चालवा. बघू काय म्हणतं तुमचं गणित.”

तिने तिथेच, सगळ्यांसमोर, ती अट लिहिली. प्रोग्रॅम फिरत राहिला. एकेक फांदी छाटत गेला. विक्रीच्या साहेबांनी दुसरा चहा मागवला. तो यायच्या आधीच पडद्यावर ओळ उमटली.

उत्तर नाही.

“म्हणजे?” थोरल्या साहेबांनी विचारलं.

“म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळता येत नाहीत. कुठली तरी एक सोडावी लागेल.”

“मग झालं तर,” धाकटे साहेब म्हणाले. “शेवटची घातलेली काढा.”

“शेवटची का? पहिली का नको?” ती थोरल्या साहेबांकडे वळली. “साहेब, सगळ्यात पहिली अट तुमची होती. एवढ्या रकमेच्या वर दमडी नाही. मी न विचारता गरजेत टाकली. आता विचारते. ती गरज आहे की रुसवा?”

चहावाला आत येत होता, तो ट्रे धरून दारातच उभा राहिला. थोरल्या साहेबांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली आणि सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाईची खुर्ची रिकामी करून टाकली.

“पुढच्या बैठकीला,” ते शेवटी म्हणाले, एकेक शब्द दातांखालून काढत, “ती रक्कम किती वाढवली तर उत्तर निघतं, ते घेऊन या. वाढवीन असं मी म्हणत नाही. घेऊन या.” आणि उठून गेले.

वजाबाईला वाटलं, आपण जिंकलो. पायऱ्या उतरताना तिने कधी नव्हे ते वाहतुकीच्या माणसाला नमस्कार केला, तर तो घाबरून कठड्याला चिकटला. संध्याकाळच्या बसने ती तडक गावी गेली.

दादा ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. “सगळे सात नंबरला. एकालाही सोडणार नाही. बिऱ्हाड हलवायचा खर्च कंपनीचा. थोरल्यांच्या तोंडावर मागितलंय, आणि नाही म्हणाले नाहीत!”

दादाने गाळणी आपटली. “कोण सगळे?”

“तुम्ही सगळे.”

“मला विचारलंस?”

“काय विचारायचं त्यात? काम हवं की नको, हे विचारायचं असतं?”

“हो!” तो इतक्या जोरात ओरडला की कपातला चहा सांडला. “विचारायचं असतं! मी नाही येणार तुझ्या सात नंबरला. तिथली भट्टी बटणावर चालते, मला तिथे काय, बटणाला तेल द्यायला नेणार? आणि पॅकिंगच्या बायका? घरचं उरकून चालत येतात त्या. त्यांना उचलून परगावी नेणार, आणि नवरे कुठे ठेवणार, खोक्यात? कुणाला काम नको झालंय, पैसे घेऊन मोकळं व्हायचंय. कुणाला मधल्यावर पाठवलं तर चालेल. तू मात्र आलीस ती निकाल घेऊनच. मागे आलीस तेव्हा बंदचा निकाल, आज बिऱ्हाड उचलायचा निकाल.”

“मागे तूच म्हणालास, एक ओळ लिही!”

“म्हणालो! रागाने म्हणालो! तुला सगळ्या गोष्टी लिहून घ्यायचीच खोड!”

“मग तोंड उघडून नीट सांगायचं ना, काय हवंय ते!”

“कधी विचारलंस?”

ती दोघं एकमेकांसमोर दोन रेड्यांसारखी उभी राहिली. रागावण्यात बाबांच्या वळणावर गेलेली, नाकपुड्या सारख्याच फुगलेल्या. तिला आता स्वतःचाच भयंकर राग आला होता. पुठ्ठ्याची जाडी विचारायला ती त्या पुठ्ठेवाल्याच्या दारात चार खेटे घालून आली होती. इथे मात्र तिने साडेतीनशे माणसांसाठी एक ओळ लिहिली होती, बसल्या जागी, आकडा तपासल्याशिवाय. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला जिवंत सोडलं नसतं.

“उद्या सकाळची पाळी कधी सुटते?” तिने दरडावून विचारलं.

“दुपारी. का?”

“गेटवर उभी राहते. एकेकाला विचारते.”

“शिव्या घालतील. इथेही तुला वजाबाईच म्हणतात.”

“घालू देत. मला काय कमी येतात?”

“वन्सं,” वहिनीने ओट्यावरचा सांडलेला चहा फडक्याने पुसला, फडकं खच्चून पिळलं, आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसली. आजवर दोघा भावंडांच्या भांडणात ती नेहमी पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि बाजूला व्हायची. “गेटवर उद्या जा. आधी मला विचारा. मी काय भिंत आहे का या घराची? हे भट्टीवर उभे राहिले ते दिसलं सगळ्यांना. पॅकिंगमध्ये सतरा वर्षं मी होते, पाठ गेली म्हणून घरी बसवलं, तेव्हा कुणाच्या रकान्यात होते मी? आणि तुम्ही हो, ‘मी नाही येणार’ म्हणे! मला विचारलंत? माझी आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलीये, तिला विचारलंत? बसा दोघंही. चपला काढा आधी, वन्सं. आणि आता मधे बोलू नका.”

दादा बसला. वजाबाईने चपला काढल्या आणि तीही बसली. वहिनीने बोलायला सुरुवात केली आणि ती बराच वेळ थांबली नाही.